शेअरची पारख : ताळेबंद, आलेख आणि घरची शिल्लक



आजच्या भाषणाचा विषय नांवानें जरा भारदस्त आहे. कंपनीच्या हिशेबांचें मूलभूत विश्लेषण आणि भावाच्या आलेखांचें तांत्रिक विश्लेषण करून शेअर कसे निवडावे, असा तो आहे. नांव भारदस्त असलें तरी विषय आतां घरगुती झाला आहे. एके काळीं शेअर घेणें म्हणजे मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरचा कोणी ओळखीचा दलाल गांठणें असे. आज तो बाजार प्रत्येकाच्या खिशांतील दूरध्वनींत येऊन बसला आहे. परभणी जिल्ह्यांतील आमच्या बोरी गांवींहि कापूस व सोयाबीन यांच्या भावाबरोबर निर्देशांक किती चढला याची विचारपूस होते. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत तर निवृत्तीच्या वेळची एकरकमी रक्कम हातीं आली, कीं ती बँकेंत ठेवावी कीं शेअरांत घालावी, हा प्रश्न त्याच रात्रीं जेवतांना निघतो.

या विषयांत दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांस फारसे मानीत नाहींत. एक पंथ म्हणतो, 'कंपनीचे हिशेब वाचा. भावाकडे पाहूं नका.' दुसरा म्हणतो, 'हिशेब शिळे असतात. सारें शहाणपण भावांतच उतरलेलें असतें.' माझ्या मतें हा वाद बराचसा अनाठायीं आहे, कारण दोघेहि वेगवेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें देत आहेत. शेअर घेतांना प्रश्न तीन असतात : कोणता घ्यावा, केव्हां घ्यावा आणि किती घ्यावा. पहिल्याचें उत्तर हिशेबांत सांपडतें. दुसऱ्याचें थोडेंफार आलेखांत सांपडतें. तिसऱ्याचें उत्तर मात्र कंपनीच्या कागदांत नाहीं आणि भावाच्या रेषेंतहि नाहीं. तें आपल्या घरांत शोधावें लागतें. माणसें बुडतात तीं बहुधा हा तिसरा प्रश्न न विचारल्यामुळें.

प्रथम पहिला प्रश्न घेऊं. शेअर म्हणजे चालत्या धंद्यांतील एक लहानसा वांटा. वांटा घ्यावयाचा, तर धंदा पाहिला पाहिजे. आमच्याकडे कोणी शेत विकत घेऊं लागला, तर तो काय पाहतो? माती किती खोल आहे, विहिरीला पाणी किती महिने टिकतें, गेल्या चार-पांच वर्षांत उत्पन्न काय निघालें, सात-बाराच्या उताऱ्यावर कोणाचा बोजा आहे, आणि विकणारा माणूस कसा आहे. एवढें पाहिल्याशिवाय तो इसाराची रक्कम देत नाहीं. तोच माणूस शेअर घेतांना मात्र शेजाऱ्याच्या एका शब्दावर पैसे मोकळे करतो, हें नवल आहे.

कंपनीच्या वार्षिक अहवालांत तीन कागद महत्त्वाचे असतात. नफा-तोटा पत्रक हें वर्षाचें पीक दाखवितें. ताळेबंद हा कंपनीचा सात-बारा. मालमत्ता किती आणि तिच्यावर कर्जाचा बोजा किती, हें त्यावरून कळतें. तिसरा कागद रोख प्रवाहाचा. पुष्कळ लोक तो उलटूनहि पाहत नाहींत. वस्तुतः तोच अधिक बोलका असतो. उधारीनें विकलेला माल नफा-तोटा पत्रकांत विक्री म्हणून चढतो व त्यावरचा नफाहि दिसतो. परंतु पैसा घरीं आला कीं नाहीं, हें रोख प्रवाहच सांगतो. नफा वर्षानुवर्षें वाढत आहे आणि धंद्यांतून येणारी रोकड मात्र वाढत नाहीं, असें तीन-चार वर्षें सतत दिसलें, तर त्या कंपनीपासून चार हात दूर राहावें. त्याचबरोबर प्रवर्तकांचा स्वतःचा वांटा किती आहे व त्यांनीं तो कोठें गहाण तर ठेवला नाहीं ना, हेंहि पाहावें. ही सर्व माहिती शेअरबाजारांच्या संकेतस्थळांवर कोणासहि विनामूल्य पाहतां येते.

धंदा चांगला ठरला, म्हणजे त्याची किंमत पाहावयाची. समजा, एका शेअरचा भाव २०० रुपये आहे आणि त्या शेअरच्या वांट्यास वर्षाचा नफा १० रुपये येतो. म्हणजे भाव नफ्याच्या २० पट झाला. हेंच उलट मांडलें, तर २०० रुपयांवर १० रुपये, म्हणजे शेंकडा ५. बँकेची ठेव याहून अधिक देत असेल, तर मग हा शेअर कां घ्यावा? याचें उत्तर एकच असूं शकतें : नफा पुढें वाढणार आहे, अशी आपली खात्री आहे. म्हणजेच ही पट जितकी मोठी, तितकें भविष्याविषयींचें आश्वासन मोठें. तें आश्वासन पुरें होण्यासारखें आहे काय, हें तपासणें हाच मूलभूत विश्लेषणाचा गाभा आहे. ही तुलना बँकेची बँकेशीं आणि साखर कारखान्याची साखर कारखान्याशींच करावी. कोलंबिया विद्यापीठांतील बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनीं १९३४ सालीं या विषयावर जो ग्रंथ लिहिला, त्यांतील मुख्य शिकवण अशी, कीं आपल्या अंदाजानें वस्तूची जी योग्य किंमत ठरेल, तिच्याहून बरीच कमी किंमत देऊन ती घ्यावी. आपला अंदाज चुकला, तर मधली तफावत आपल्याला सांवरून धरते.

आतां महाराष्ट्रांतीलच एक उदाहरण पाहूं. खानदेशांतील अमळनेर हें गांव साने गुरुजींमुळें आपल्या परिचयाचें आहे. तेथें १९४५ सालीं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नांवाची कंपनी निघाली. वनस्पति तूप आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा माल. गांवांतील व आसपासच्या अनेक कुटुंबांनीं तिचे शेअर घेतले. १९६६ सालीं संस्थापकांचें निधन झालें व त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनीं शिक्षण मध्येंच सोडून कारभार हातीं घेतला. पुढें १९८० च्या सुमारास कंपनी संगणकाच्या धंद्यांत शिरली आणि १९८२ सालीं तिचें नांव विप्रो लिमिटेड असें झालें. ज्यांनीं शेअर जपून ठेवले, त्यांना वेळोवेळीं बोनस शेअर मिळत गेले, आणि अमळनेरांतील कित्येक साधीं कुटुंबें कोट्यधीश झालीं.

ही गोष्ट सांगून लोक एवढेंच म्हणतात, कीं 'चांगला शेअर घ्यावा आणि विसरून जावें.' परंतु तिचा अर्थ याहून बारकाईनें लावला पाहिजे. अमळनेरकरांनीं जो कारखाना घेतला, तो त्यांच्या डोळ्यांसमोर चालत होता. माल कसा खपतो, पगार वेळेवर होतात कीं नाहीं, हें त्यांना दिसत होतें. हेंहि एक मूलभूत विश्लेषणच होय, आणि तें बैठकींत बसून केलेल्या विश्लेषणाहून कमी प्रतीचें नाहीं. तथापि तुपाच्या कारखान्याच्या कोणत्याहि ताळेबंदांत संगणकाचा धंदा लिहिलेला नव्हता. तेव्हां त्या यशांत पारखीइतकाच योगहि होता. शिवाय ज्या कंपन्या बंद पडल्या, त्यांचीं प्रमाणपत्रेंहि अनेक घरांतून जुन्या पेटींत पडून आहेत. त्यांची कथा कोणी सांगत नाहीं. एकाच शेताचें भरघोस पीक पाहून साऱ्या शिवाराचा अंदाज बांधूं नये.

याच कंपनीचें आणखी एक प्रकरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. फेब्रुवारी २००० मध्यें संगणक-कंपन्यांच्या तेजीच्या ऐन भरांत विप्रोचा भाव नफ्याच्या शेंकडों पटीवर गेला, आणि पुढील दीड-दोन वर्षांत त्यांतील फार मोठा भाग गळून पडला. कंपनी तीच, चालकहि तेच. धंदा बुडाला नव्हता, उलट वाढत होता. ज्यानें त्या फेब्रुवारींत शेअर घेतला, त्याचें पहिल्या प्रश्नाचें उत्तर बरोबर होतें. त्यानें किंमत आणि वेळ पाहिली नाहीं. येथें दुसरा प्रश्न उभा राहतो.

भावाचा आलेख काढण्याची कला पाश्चात्यांचीच आहे असें नव्हे. जपानांत ओसाका शहरीं दोजिमा येथें तांदळाचा मोठा बाजार होता व १७३० सालीं त्यांतील वायद्याच्या व्यवहारांस राजमान्यता मिळाली. साकाता येथील होन्मा नांवाच्या अठराव्या शतकांतील तांदळाच्या व्यापाऱ्याशीं मेणबत्तीच्या आकाराच्या आलेखांची परंपरा जोडली जाते. दिवसाचा उघडता भाव, सर्वांत वरचा भाव, सर्वांत खालचा भाव आणि बंद भाव, हे चारहि आंकडे एका मेणबत्तींत दाखवितात. अमेरिकेंत चार्ल्स डाऊ यानें १८९६ सालीं बारा कंपन्यांचा औद्योगिक निर्देशांक सुरू केला आणि बाजाराच्या दीर्घ, मध्यम व अल्प लाटांविषयीं विवेचन केलें.

आलेखांत पाहावयाचें काय? जेथें भाव पडतां पडतां वारंवार थांबतो, त्यास आधार म्हणतात. जेथें चढतां चढतां वारंवार अडतो, त्यास अडथळा म्हणतात. यांत जादू कांहीं नाहीं. सोयाबीनचा भाव एका विशिष्ट आंकड्याखालीं गेला, कीं शेतकरी माल घरांतच ठेवतो; आवक आटते व भाव सांवरतो. हाच आधार. उलट मागील वर्षीं चढ्या भावानें माल भरून बसलेला व्यापारी 'मुद्दल निघालें कीं विकीन' असें म्हणत असतो. भाव तेथवर आला कीं तो विकतो व चढती अडते. हाच अडथळा. शेअरबाजारांतहि हीच माणसें आहेत. याच्या जोडीला सरासरीची रेषा असते. गेल्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी रोज नव्यानें काढून तिची रेषा ओढतात. भाव त्या रेषेच्या वर आहे व रेषाहि चढती आहे, तर लोकांचा कल घेण्याकडे आहे. दोन्ही उतरते असतील, तर विकण्याकडे आहे. तिसरी गोष्ट उलाढालीची. थोड्या उलाढालीवर भाव चढला, तर त्यावर फार विसंबूं नये.

आलेख काय सांगतो व काय सांगत नाहीं, हें पर्जन्यमापकाच्या दृष्टांतानें नीट समजेल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करूं नये, असें कृषिखातें आम्हां मराठवाड्यांतील लोकांस दरवर्षीं सांगतें. पर्जन्यमापक ओल आली आहे एवढेंच दाखवितो. पुढें खंड पडणार कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं, आणि बियाणें खोटें असेल तर तेंहि तो सांगत नाहीं. म्हणून शहाणा शेतकरी बियाणें पारखून घेतो आणि पर्जन्यमापकहि पाहतो.

दोन्ही शास्त्रांची मर्यादा दाखविणारीं दोन प्रकरणें सांगतों. पहिलें मुंबईचें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ पासून तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. आपल्याकडील कापसास सोन्याचा भाव आला आणि तो पैसा मुंबईंत नव्या बँका व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या यांच्या शेअरांत शिरला. त्या दोन-तीन वर्षांचा आलेख कोणी काढला असता, तर तो अतिशय सुंदर दिसला असता. प्रत्येक भाव चढताच होता. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ च्या वायद्यास अनेक व्यापाऱ्यांनीं हात वर केले. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला. चढत्या रेषेच्या मागें कमाई नव्हती, हें रेषेनें सांगितलें नाहीं.

दुसरें प्रकरण हैदराबादच्या सत्यम कंपनीचें. तिचे हिशेब उत्कृष्ट दिसत. सुशासनाबद्दल तिचा गौरवहि झाला होता. ७ जानेवारी २००९ रोजीं तिच्या अध्यक्षांनींच पत्र लिहून कबूल केलें, कीं ताळेबंदांतील पांच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वांतच नाहीं. एका दिवसांत भाव १७९ रुपयांवरून सुमारें ४० रुपयांवर कोसळला. येथें ताळेबंदच खोटा होता. तो कितीहि काळजीनें वाचला तरी खोटाच वाचला गेला असता. आलेखानें मात्र एक इशारा दिला होता. डिसेंबर २००८ मध्यें प्रवर्तकांच्या कुटुंबाच्याच दोन कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं शेअर शेंकडा ३० च्या आसपास पडला. कारण कळो वा न कळो, ज्यानें त्या पडझडीकडे पाहून शेअर सोडला, तो तीन आठवड्यांनंतरच्या मोठ्या हानींतून वांचला.

तात्पर्य, एका शास्त्राचें अपुरेपण दुसरें थोडें भरून काढतें. पण दोन्ही एकत्र आलीं, तरी खात्री मिळत नाहीं. खात्री नसलेल्या व्यवहारांत तिसरा प्रश्न सर्वांत मोठा ठरतो : किती?

भारतीय प्रतिभूति आणि विनिमय मंडळ, म्हणजे सेबी, हिनें सप्टेंबर २०२४ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध केली. एप्रिल २०२१ ते मार्च २०२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअरांचे वायदे व विकल्प यांत व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ जणांस तोटा झाला. तोटा सरासरीनें माणशीं सुमारें दोन लाख रुपये, आणि एकूण १.८ लाख कोटींच्या वर. आलेख पाहण्याची सोय या प्रत्येकास उपलब्ध होती. वायद्यांत थोड्या पैशावर मोठा सौदा अंगावर घेतां येतो, म्हणजे 'किती' या प्रश्नाचें उत्तर आपल्या ऐपतीबाहेर जातें. मग 'कोणता' व 'केव्हां' यांचीं उत्तरें बरोबर असूनहि एकदोन उलट्या दिवसांत मुद्दल संपतें.

येथें मी आयुष्यभर शिकविलेल्या साध्या गणिताचा आधार घेतों. १०० रुपयांचे ५० झाले, तर तोटा शेंकडा ५०. पण ५० चे पुन्हां १०० करावयास शेंकडा १०० नफा लागतो. खालीं येण्याची व वर जाण्याची वाट सारखी नसते. दुसरें उदाहरण. एक लाख रुपये घेऊन माणूस बाजारांत उतरला आणि लागोपाठ दहा सौदे फसले. प्रत्येक वेळीं त्यानें उरलेल्या रकमेचा शेंकडा १० भाग गमावला, तर शेवटीं सुमारें ३४,९०० रुपये उरतात. प्रत्येक वेळीं शेंकडा २ च गमावला, तर सुमारें ८१,७०० उरतात. चुका तितक्याच, पण पहिला माणूस उठत नाहीं व दुसरा उठूं शकतो.

यावरून कृति अशी ठरते. एक लाखांवर एका सौद्यांत जास्तींत जास्त तोटा २,००० रुपये सोसावयाचा. शेअर २०० रुपयांस घेतला आणि आलेखांतील आधार तुटल्यावर १८० ला विकावयाचें ठरविलें, तर एका शेअरमागें धोका २० रुपयांचा. २,००० ला २० नें भागा, शंभर शेअर. याहून अधिक घेऊं नयेत. पण हा भागाकारहि पुरेसा नाहीं, कारण सत्यमसारखा दिवस उजाडला तर १८० चा भाव मिळतच नाहीं. शंभर शेअरांत २०,००० रुपये, म्हणजे लाखाचा पांचवा हिस्सा एकाच ठिकाणीं अडकतो. म्हणून दुसरी मर्यादा घालावी : एका कंपनींत शेअरांसाठीं काढलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक घालूं नये. मग येथें शंभरांऐवजीं पन्नासच शेअर बसतात. ज्याचा दहावा हिस्सा त्या दिवशीं सत्यममध्यें होता, त्याचे शंभरांतील आठांहून कमी रुपये गेले. ज्याचें सर्वस्व होतें, त्याचें तीन चतुर्थांशांहून अधिक गेलें.

आणि मुळांत ती रक्कम कोणती? वर्षभराचा घरखर्च व आजारपणाची तरतूद बाजूस काढल्यावर उरलेली. येत्या पांच वर्षांत मुलीच्या शिक्षणास किंवा घराच्या छपरास लागणार नाहीं अशी. व्याजानें काढलेला पैसा तर बाजारांत कधींच घालूं नये. पीककर्जाची रक्कम बियाण्यास न लावतां शेअरांत लावण्याचा मोह आमच्या भागांतील तरुणांस होऊं लागला आहे. कर्जाचें व्याज ठरलेलें आहे व बाजाराचा नफा ठरलेला नाहीं. ठरलेल्या देण्यासाठीं न ठरलेल्या येण्यावर भिस्त ठेवणें हें गणितांत बसत नाहीं. ही रक्कम एकट्या कर्त्या पुरुषानें ठरवूं नये. घरांतील सर्वांस विचारून ठरवावी. पत्नीस व मुलांस जी गोष्ट सांगण्याचा संकोच वाटतो, तो सौदा मोठा झाला आहे असें खुशाल समजावें.

कोणी म्हणेल, इतक्या नियमांनीं बांधून घेतल्यावर श्रीमंत केव्हां व्हावयाचें? यावर माझें उत्तर एवढेंच, कीं शेअरबाजार हा चांगल्या उद्योगांचा वांटेकरी होण्याचा मार्ग आहे आणि त्या मार्गावर वेळ हाच आपला सोबती आहे. वेळाची सोबत त्यालाच मिळते, जो वाईट वर्षीं विकून मोकळें होण्याची पाळी स्वतःवर येऊं देत नाहीं. २३ मार्च २०२० रोजीं साथीच्या भयानें मुंबईचा निर्देशांक एका दिवसांत शेंकडा १३ पडला. ज्यांना दुसऱ्या दिवशीं घरखर्चास पैसे हवे होते, त्यांना त्या भावांत विकावें लागलें; ज्यांच्या घरीं शिल्लक होती, त्यांनीं वाट पाहिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निर्देशांक पूर्वीच्या उच्चांकाच्याहि वर गेला. ताळेबंद व आलेख दोघांपुढेंहि सारखेच होते; फरक होता तो घरच्या शिल्लकेचा.

यास्तव श्रोत्यांस माझी विनंति आहे, कीं कंपनीचा अहवाल अवश्य वाचावा, आलेखहि अवश्य पाहावा; पण त्या दोहोंच्या आधीं एक कोरा कागद घेऊन आपल्या घराचाच ताळेबंद मांडावा. तो मांडल्यावर शेअरांसाठीं जी रक्कम उरेल, तेवढीच आपली.